घळीत राहिलेलं भांडण

मनोहर,

तुझी तेरवी आटोपली. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, गोंदियाचे पाहुणे दुपारच्या गाडीनं परतले, आणि तुझ्या क्वार्टरसमोरचा रस्ता पुन्हा नेहमीसारखा झाला. मी घरी येऊन बसलोय. सुनंदानं चहा ठेवलाय, तो तसाच निवतोय. इतके दिवस रडता आलं नाही; रडायलाही थोडी ताकद लागते, आणि ती माझ्यापाशी नव्हती. तू गेल्याचं दुःख आहेच. पण आधी थकवा आलाय. दुःख त्याच्या मागे कुठेतरी रांगेत उभं आहे.

तेरवीला तुझ्याबद्दल लोक खूप बोलले. तुझ्या मिलमधला एक जण हात जोडून म्हणाला, "मनोहरभाऊ म्हणजे देवमाणूस. कोणाले दुखवलं नाही कधी." बलरामनं तिकडून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला हसू येत होतं. मलाही आलं. तू देवमाणूस नव्हतास, लेका. तू हट्टी होतास. तोंडाचा फाटका होतास. कॅरममध्ये हरलास की बोर्डालाच उतार आहे म्हणायचास. मला दुखवायला तुला अर्धं वाक्य पुरायचं, आणि ते अर्धं वाक्य तू कुठे बोललास हे मला आजही दगडाच्या रंगासकट आठवतं.

म्हणून लिहायला बसलोय. चांगलं बोलणारे बोलून गेले. माझं तुझ्याशी भांडण चालू होतं आणि तू मधूनच उठून गेलास.

सेक्टर सहामध्ये आपली क्वार्टरं पाठीला पाठ लावून. तुझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर टाकून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये आले, माझेही तसेच. आपण दोघं तिथेच शिकलो, तिथेच चिकटलो. तू रोलिंग मिलमध्ये, मी मेंटेनन्सला. बलराम इथलाच, जवळच्या अहिवाऱ्याचा, तोही मेंटेनन्सला, माझ्याच शिफ्टमध्ये. तिघांकडे तीन जुन्या मोटारसायकली आणि तिघांच्या तोंडात एकच गोष्ट: रिटायर झालो की कच्छला जायचं. कच्छच का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. कोणीतरी भुजकडे बदलीवर जाऊन आला होता आणि त्यानं सांगितलं होतं, तिकडे वाळवंटात नदीनं दगड कापून घळी केल्यात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि तळाशी हिरवं पाणी साठलेलं असतं. तू ते ऐकलंस आणि धरून बसलास.

मग तुझ्या किडन्या गेल्या.

आधी पाय सुजले, मग तोंड. डॉक्टरनं सांगितलं की डायलिसिस लागणार, नाहीतर किडनी बदलावी लागेल. वैनीला शुगर, म्हणून त्या बाद. तुझ्या भावांनी फोन उचलणं बंद केलं. माझा रक्तगट जुळत नव्हता, आणि जुळला असता तरी मी तुझा नातेवाईक नाही म्हणून कायद्याच्या शंभर भानगडी होत्या. राहिली तुझी पोरगी, पल्लवी. तिचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं, शेजारच्या दुर्गला, पद्मनाभपुरातल्या मुलाशी.

तुझ्या स्वैपाकघरात आपण सगळे बसलो होतो. वैनी, मी, सुनंदा, बलराम. पल्लवी ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी देते."

आणि तू काय म्हणालास? "तुले कोणी इचारलं? मोठी आली देणारी!"

इतक्या जोरात बोललास की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कोणी हललं नाही. पोरगी ढसाढसा रडायला लागली आणि मागच्या दारानं निघून आमच्या घरी गेली. लहानपणापासून तिचं ते ठरलेलंच होतं. शाळेतून आली की दप्तर आमच्या खाटेवर, आणि तुझा ओरडा खाल्ला की सुनंदाच्या कुशीत. त्या दिवशी सुनंदानं तिला थोपटलं आणि मला म्हणाली, "माणूस आहे का कोण आहे हा?"

डॉक्टरनं तुझ्या डाव्या हातात फिस्टुला केला. डायलिसिसच्या सुया टोचायला नस मोठी व्हावी म्हणून धमनी शिरेला जोडतात, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. त्या आठवड्यांचं नाव ऐकताच तुझे डोळे चमकले. तू बाहेर येऊन मला म्हणालास, "मशीनले बांधून घ्यायच्या आधी जाऊन येऊ."

"वेडा झाला का बे? गाडी चालवणार या हातानं?"

"डॉक्टरनं चेंडू दाबत राहा म्हणून सांगितलं. मी क्लच दाबतो. फरक काय?"

वैनीनं तुला सगळ्या शपथा घालून पाहिल्या. डॉक्टर संतापले. तू ऐकलं नाहीस. शेवटी बलराम म्हणाला, "ये अकेला निकल जाएगा, रमेश. चल, साथ में चलते हैं." म्हणून आम्ही निघालो. रजा मंजूर झाली, गाड्या धुतल्या, कोणाचातरी मागून आणलेला तंबू माझ्या कॅरिअरला बांधला.

त्या प्रवासाचं लोक विचारतात तेव्हा मी म्हणतो, मजा आली. मजा होती, पण शरीराचं पीठ झालं होतं हे कोणाला सांगू? नागपूर गेलं, अकोला गेलं, धुळ्याच्या पुढे वाऱ्यानं मान आखडली. तू पंपावर थांबलास की गाडीवरून उतरायला वेळ घ्यायचास आणि चावी शोधतोय असं दाखवायचास. ढाब्यावर आम्ही शेवभाजी ओरपायचो आणि तू वैनीनं बांधून दिलेला अळणी भात चिवडायचास. पाणीही मोजून. बलराम तुझ्यासमोर लोटा उचलायचा नाही, टपरीमागे जाऊन प्यायचा. तुला ते कळलं तेव्हा तू त्याला शिव्या दिल्यास, "माह्यासमोर पी ना बे, मी का तुह्या गळ्याले लटकून राहिलो?"

पण कच्छचं रण दिसलं तेव्हा तू जे हसलास ना, ते मी विसरणार नाही. पांढरं मीठ, नजर जाईल तिथपर्यंत. तू गाडी उभी केलीस, हेल्मेट काढलंस आणि म्हणालास, "पाह्य रमेश, डॉक्टरनं माह्या ताटातून जेवढं काढलं, तेवढं सगळं इथं आणून टाकलं." आणि खाली वाकून बोटानं थोडं उचललंस. मी ओरडलो. तू ते जिभेला लावलंसच.

घळ त्याच्यानंतर आली. भुजच्या पुढे, नखत्राण्याच्या बाजूला. गाड्या वर माळावर, वेड्या बाभळींच्या आडोशाला लावाव्या लागल्या आणि सामान पाठीवर घेऊन खाली उतरलो. खाली दगड इतके गुळगुळीत होते की हात फिरवत राहावंसं वाटावं. लाल पट्टा, त्यावर पिवळा, त्यावर राखेसारखा. आयुष्यभर आपण तापलेलं लोखंड पाहिलं; त्याचाच रंग इथं थंड होऊन पडला होता. पाण्याच्या कडेला सपाट जागेवर तंबू ठोकला. एक मालधारी, तिकडचा गुरं राखणारा, आपले उंट घेऊन तिथून जात होता. त्यानं आम्हाला त्याच्या किटलीतला उंटाच्या दुधाचा चहा बशीतून पाजला. तू एकच घोट घेतलास आणि उरलेला माझ्या बशीत ओतलास. ऊन उतरत होतं. तुझ्या चेहऱ्यावर सूज असूनही तू मला त्या वेळी मिलमध्ये लागलास त्या दिवसांतल्यासारखा दिसलास.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, हा आज खूश आहे, आज ऐकेल.

"मनोहर, परत गेल्यावर पल्लवीची टेस्ट करून घेऊ."

"नाही."

"कावून नाही? मशीनवर किती दिवस काढशील?"

"जितके निघतील तितके."

"पोरगी स्वतः देऊन राहिली. तब्येतीनं चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, एका किडनीवर माणूस आरामात जगते."

"माही मर्जी."

"हे काय उत्तर आहे का? तिले सगळ्यांसमोर झिडकारलं तू. रडली पोरगी."

"रडू दे. रडल्यानं कोणी मरत नाही."

बलराम म्हणाला, "अरे यार, तुम दोनों यहाँ भी शुरू हो गए? उधर देखो, सूरज देखो." आम्ही कोणीच सूर्य पाहिला नाही.

"तुले अहंकार आहे," मी म्हणालो. "कोणाकडून घ्यायचं म्हटलं की तुह्या पोटात दुखते. पोरीकडूनही. तिले बाप पाह्यजे, तुले तुही ऐट पाह्यजे."

तू पाण्याकडे पाहत होतास. मग वळून अगदी साध्या आवाजात म्हणालास, "तुले पोर नाही, रमेश. तुले नाही समजणार."

बस. एवढंच.

सुनंदानं आणि मी किती दवाखाने केले हे तुला माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरकडे जायला तुझीच गाडी नेली होती. पल्लवीला तिचा पहिला फ्रॉक आम्ही घेतला होता हेही तुला माहीत होतं. तू दगड नेमका कुठे मारायचा ते पाहून मारलास. मी उठलो, तंबूत शिरलो आणि पाठ करून पडलो. तू बाहेर बसून राहिलास. बलराम आपल्या दोघांच्या मध्ये येऊन झोपला, उगाचच, जागा दुसरीकडे असताना.

सकाळी मी तुझ्याशी बोललो नाही. तंबू गुंडाळला, खुंट्या मोजून पिशवीत टाकल्या. तूही तोऱ्यात. आपली बॅग स्वतः उचललीस आणि आमच्या पुढे चढायला लागलास, मला दाखवायला. अर्ध्या चढावर तू खाली बसलास. मला वाटलं नाटक. मग तुझे ओठ दिसले. निळे. तुला श्वास पुरत नव्हता. आडवं केलं तर जास्तच घुसमटायचास, म्हणून बलरामनं तुला पाठीमागून बसवून धरलं, आणि मी आयुष्यात धावलो नव्हतो तसा, पात्रात थोडं पुढे रात्रीचा मुक्काम केलेल्या त्या मालधाऱ्याकडे धावलो.

तो भला माणूस काही न विचारता उंट घेऊन परत आला. पात्रातून वळसा घालून वर जायची एक वाट त्याला ठाऊक होती. तुला उंटावर बसवलं, तुझ्यामागे बलराम. तू धापा टाकत होतास आणि त्यातही मला म्हणालास, "फोटो काढू नको." मी बोलत नव्हतो, म्हणून उत्तरही दिलं नाही. वर त्याच्या ओळखीचा एक पिकअपवाला होता, त्यानं भुजला आणलं. तिथल्या दवाखान्यात तुझ्या मानेत नळी घालून डायलिसिस केलं. छातीत पाणी भरलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे पाहत होतास.

"तू बोलून नाही राहिला," म्हणालास.

"नाही."

"बरं."

आपला समेट तेवढाच. माळावरच्या गाड्या आणवून मालगाडीनं पाठवल्या आणि आपण रेल्वेनं परत आलो. तुझी मान माझ्या खांद्यावर पडत होती आणि मी खांदा काढून घेत नव्हतो. त्या वाक्याबद्दल तू कधी माफी मागितली नाहीस, मी कधी काढलं नाही. पण ते गेलंही नाही.

मग सुरू झालं ते आपलं खरं लांब पल्ल्याचं गाडी चालवणं. आठवड्यातून तीनदा, घर ते दवाखाना. मी आणि बलराम आलटून पालटून. तू मागे बसायचास, आधी ताठ, मग माझ्या पाठीला टेकून, शेवटी शेवटी तर मी तुला पंच्यानं माझ्या कमरेशी बांधायचो. रिटायर झालो आणि माझा सगळा रिटायरपणा त्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गेला. तू बाहेर यायचास तो पिळून टाकलेल्या कापडासारखा. कधी म्हणायचास, "आज नको नेऊ, रमेश. एक दिवस सोड." मी चिडायचो. कंबर माझीही गेली होती. पावसाळ्यात रेनकोटमध्ये तू आणि मी, उन्हाळ्यात ओल्या दुपट्ट्यात तू आणि मी. एवढा मी माझ्या बायकोसोबतही फिरलो नाही.

आणि त्या पार्किंगमध्ये मी पुन्हा पुन्हा तेच काढायचो. अजूनही वेळ आहे, पल्लवीला विचार. तू म्हणायचास, "माही मर्जी." तिचं लग्न झालं, तेव्हा काढलं. तिला मुलगी झाली, तेव्हा तू म्हणालास, "आता तर बिलकुलच नाही," आणि विषय बदललास. मी घरी येऊन सुनंदाला म्हणायचो, असा गर्विष्ठ माणूस पाहिला नाही. पोरीनं पुढे केलेला हात झिडकारून बसलाय, आणि पोरगी बिचारी आयुष्यभर ते मनाला लावून घेणार.

तू गेलास तो दवाखान्याचा दिवस नव्हता. दुपारी जेवलास, वैनी मटार सोलत बसल्या होत्या, त्यांना म्हणालास, "जरा पडतो." वैनींचे मटार सोलून झाले तरी तू उठला नाहीस. त्यांची हाक मला आमच्या अंगणात ऐकू आली. मी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतास आणि मला पहिल्यांदा वाटलं ते असं की आज याला कुठेही न्यायचं नाही.

आता आजचं सांगतो. यासाठीच हा सगळा खटाटोप.

पाहुणे गेल्यावर पल्लवी मागच्या पायऱ्यांवर बसली होती. तू गेल्यापासून तिच्या पोटात धड काही गेलं नाही. घास घ्यायची आणि उठून जायची. वैनी, सुनंदा, तिचा नवरा, सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी तिच्या बाजूला बसलो.

ती म्हणाली, "काका, एक गोष्ट सांगू? आईले नका सांगू. किसी को भी नहीं."

"सांग."

"मी त्या दिवशी बाबाले देते म्हटलं ना. मले द्यायची नव्हती."

मी तिच्याकडे वळलो.

"लग्न ठरून राहिलं होतं. मले इतकी भीती वाटून राहिली होती, काका. ऑपरेशनची, नंतरची, सगळ्याचीच. पण सगळे माह्याकडंच पाहून राहिले होते. आई. काकू. तुमी पण. मग मी कसं नाही म्हणू? तोंडानं देते म्हटलं आणि मनात म्हणून राहिले होते, नको म्हणा बाबा, नको म्हणा." तिनं पदर तोंडाशी धरला. "आणि बाबा ओरडले. मले एकदम सुटल्यासारखं झालं. त्याचंच रडू आलं मले. तुमाले सगळ्यांले वाटलं, बाबानं अपमान केला म्हणून रडली."

मनोहर, मी तिथे पायरीवर बसलो होतो आणि माझ्या पायाखालून आपली सगळी वर्षं सरकत होती. ते उतू गेलेलं दूध, ती घळ, ते पार्किंग. प्रत्येक वेळी मी तुला गर्विष्ठ म्हणालो आणि प्रत्येक वेळी तू ते अंगावर घेतलंस. एकदा नुसतं म्हणाला असतास, पोरगी घाबरली आहे, तर मी त्याच क्षणी गप्प झालो असतो. पण मग मला कळलं असतं. आणि मला कळलं असतं तर मी तिच्याकडे कसं पाहिलं असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

की तुला काहीच माहीत नव्हतं? तू नुसताच हट्टी होतास? तेही शक्य आहे. तुझं काही सांगता येत नाही.

पल्लवीनं विचारलं, "बाबाले समजलं होतं का, काका?"

"हाव," मी म्हणालो. "समजलं होतं."

"तुमाले सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. आमी कच्छले गेलो होतो तेव्हा. खाली घळीत बसलो होतो."

"काय म्हणाले?"

मी म्हणालो, "म्हणाला, माही पोरगी घाबरली आहे, रमेश. पोरगी भीतभीत देऊन राहिली, तर बाप घेत नसते."

"राग आला होता त्यांले?"

"नाही. जरासाही नाही. उलट हसून राहिला होता."

ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. किती वेळ ते पाहिलं नाही. तिच्या केसांवरून हात फिरवता फिरवता माझेही डोळे वाहायला लागले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. तू मला म्हणाला होतास, तुले पोर नाही, तुले नाही समजणार. खरं असेल. मला वेळच लागला समजायला.

घळीत तू त्यातलं एक अक्षरही बोलला नव्हतास. ते मी बोललो, तुझ्या तोंडून. चुकलं असेल तर चुकलं. आता ते वाक्य तुझंच आहे, पोरीनं ते ठेवून घेतलंय. मी परत मागणार नाही, तूही मागू नकोस.

पल्लवी उठली, नळावर तोंड धुतलं आणि आत गेली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. ती वैनीला म्हणाली, "आई, मले भूक लागली."

वैनीनं ताट घेतल्याचा आवाज आला.